पिवळं ओतलं, पांढरं ठेवलं

मंगळवार, दुपार

वहिनी,

फोनवर तू मला बंद करून ठेवलंयस, म्हणून हा कागद. तुझ्या दिराच्या हाती देतेय. तो दुकानात भाऊजींना देईल, आणि भाऊजी तुला. ते दोघे भाऊ दिवसभर एकाच काउंटरवर बसून कड्या-कुलपं विकतात, त्यांचं काहीएक बिनसलेलं नाही. बिनसलं ते आपलं, दोघी जावांचं. फाडायचा असेल तर खुशाल फाड, पण आधी वाच आणि मग फाड.

मुलगा झाला हे कळलंच असेल तुला. चार आठवडे आधीच आला, घाई अगदी बापाची. एवढासा आहे गं! सुरुवातीला त्याला ओढताच येत नव्हतं, नळीने पाजायचे. मला दूध काढायचं यंत्र दिलं, आणि त्याच्या भुकेपेक्षा माझं जास्तच निघायचं. ते दवाखान्याच्या बाटल्यांत भरून घरी फ्रीजरमध्ये ठेवत गेले. आता बाटलीने पितो, पण कावीळ झालीय. बाळांच्या डॉक्टरीणबाई म्हणतात, लवकर आलेल्या मुलांना होते अशी. डोळ्यांवर पट्टी बांधून निळ्या दिव्याखाली ठेवलाय. दिवा आणि दूध, दोन्ही वेळच्या वेळी मिळालं की पिवळेपणा उतरेल म्हणाल्या. मध्ये एकदा डब्यातलं दूध दिलं होतं, तर पोट फुगून टम्म झालं आणि सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. तेव्हापासून फक्त आईचं.

इथवर मला सगळं समजत होतं. आता समजेनासं झालंय.

बाळंतपणानंतर माझ्या उजव्या डोळ्यासमोर डाग आला. कुणी ओल्या बोटाने पुसून ठेवल्यासारखा, बरोबर मधोमध. दाराची चौकट बघते तर ती मध्येच पोट काढते. तुझ्या दिराला सांगितलं तर म्हणे, झोप नाही म्हणून. मला वाटलं रक्त कमी असेल. शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले पडद्याखाली पाणी साठतंय, कुठली तरी नस गळतेय, आणि ती कुठे गळतेय ते कळल्याशिवाय लेझर मारता येणार नाही. थांबलं तर डाग कायमचा राहील. ते कळायला हाताच्या शिरेतून रंग सोडायचा, तो डोळ्यापर्यंत पोचला की फोटो काढायचे.

रंग! मी रंगाच्या दुकानात बसून लोकांच्या भिंतींसाठी डबे ढवळणारी बाई, आणि आता माझ्याच शिरेत रंग. हसले मी. डॉक्टर नाही हसले. म्हणाले, "तुम्ही बाळाला पाजता ना? हा रंग दुधात उतरतो."

बस. तेव्हापासून डोकं चालत नाही. डोळा सांभाळू की दूध? मी काही मागायला लिहीत नाहीये हं. इथे वॉर्डाबाहेर बाकावर बसलेय, आत तो उघडानागडा निळ्या उजेडात पडलाय, आणि कुणाशी तरी बोलावंसं वाटलं. आठवलीस ती तूच, त्याला मी काय करू!

तुझी
धाकटी


बुधवार, संध्याकाळ

वहिनी,

कालचं पत्र पोचलं म्हणे. भाऊजींनी सांगितलं, "घेतलं तिने." वाचलं का, तर म्हणे, "मी समोर नव्हतो." तुझा नवरा आणि माझा नवरा, दोघंही एका माळेचे मणी. कुणी काही बघत नाही, कुणी काही सांगत नाही.

तपासणी उद्या सकाळी आहे. आज दिवसभर मी एकच प्रश्न विचारत फिरले, की हा रंग अंगातून जातो कधी? ऐक आता उत्तरं. डोळ्यांचे फोटो काढणारे गृहस्थ आहेत, त्यांना सगळे फोटोवालेच म्हणतात. ते म्हणाले, "काही तास कातडी पिवळी दिसेल, एक-दोन दिवस लघवी नारिंगी होईल. मूत्रपिंडं चांगली असली की निघून जातो." केमिस्ट म्हणाला, "काही होत नाही हो, बिनधास्त पाजा." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लघवी स्वच्छ झाली म्हणजे दूध स्वच्छ झालं असं समजू नका, दुधात तो जास्त रेंगाळतो. चार दिवस काढा आणि ओतून द्या. "एरवी मी एवढं घाबरवलं नसतं," त्या म्हणाल्या, "पण तुमचं बाळ निळ्या दिव्याखाली आहे. हा रंग आणि तो उजेड, दोन्ही एका तान्ह्या अंगावर नकोत. कातडी भाजल्यासारखी होऊ शकते." आणि आपल्या सासूबाईंचं उत्तर, "आमच्या वेळी नव्हतं बाई असलं काही." प्रश्नच मिटला!

बोलणारी तोंडं चार, ऐकणारी मी एकटी. मी डॉक्टरीणबाईंचं धरलंय. चूक असलं तर दूध वाया जाईल, बाळ नाही.

तर आता फ्रीजर. तुझ्या दिराला मी सांगितलंय की चार दिवसांचं दूध साठलंय, काळजी करू नकोस. तुला म्हणून सांगते, नाही पुरणार. जेमतेम दोन दिवस, तेही मोजून-मापून. त्याला सांगून उपयोग काय, तो काय दूध काढणारे?

फ्रीजर उघडला की तू आठवतेस. एका घरात होतो तेव्हा तुझ्या प्रत्येक डब्याला रबर असायचा, दोन पीळ दिलेला. लोणी असो, शिळं वरण असो, रबर. मी चिडवायचे, "वहिनी, भाऊजींनाही लावून ठेव एक." तू हसायचीस. मग एकदा हसेनाशी झालीस.

आता ते लिहूनच टाकते. तुझा ढब्बू तेव्हा दोन महिन्यांचा. तू आंघोळीला गेलेलीस, आणि तो पाय पोटाशी घेऊन किंचाळत होता. मी चमच्याने ग्राइप वॉटर दिलं, थोडंसंच. तू ओल्या केसांनी बाहेर आलीस आणि काय तोंड सोडलंस! "माझ्या लेकराच्या तोंडात काय जाईल ते मला विचारून जाईल!" सगळ्या मजल्याने ऐकलं. मीही काही गप्प बसणाऱ्यातली नाही. महिना उलटायच्या आत तुम्ही वेगळं बिऱ्हाड केलंत. चार महिने झाले. अजूनही मला वाटतं, त्याचं पोट दुखत होतं गं, मी काय विष घातलं होतं? आणि आज दिवसभर मी मात्र ज्याला त्याला विचारत फिरतेय की माझ्या लेकराच्या तोंडात काय जाणार आहे. कशाचा कशाला मेळ लागेना.

भाऊजी सांगत होते, ढब्बू आता वरचंही खायला लागलाय, आणि तुला अजून इतकं दूध येतं की पुरून उरतं.

ही शेवटची ओळ मी लिहिलीच नाही असं समज.

धाकटी


गुरुवार, दुपार

वहिनी,

ओळी वरखाली गेल्या तर हसू नकोस. डोळ्यांत बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घातलेत, जवळचं काही दिसत नाही. हा कागद मी अंदाजाने भरतेय. पेनात शाई आहे ना, एवढंच सासूबाईंना विचारून घेतलं.

झाली तपासणी. सांगते. अंधारी खोली, हनुवटी टेकवायला एक खाच. बाजूला इंजेक्शनांचा ट्रे भरून ठेवलेला. मी विचारलं हे कशाला, तर नर्स म्हणाली, "क्वचित एखाद्याला या रंगाची ॲलर्जी येते, तयारी असावी म्हणून." फोटोवाल्यांनी विचारलं, दमा आहे का, मूत्रपिंडांचा काही त्रास, पूर्वी कशाची ॲलर्जी? सगळ्याला नाही म्हणता म्हणता मलाच शंका यायला लागली. मग दंडात सुई. आणि पलीकडून फटाफटा निळा उजेड. "हलू नका, पापणी उघडी, छान, छान." त्यांचं छान चाललेलं आणि माझ्या पोटातून उमासा वर आला. नर्सने भांडं धरलं. दोनदा ओकले. "होतं काही जणांना," म्हणाली, "खोल श्वास घ्या." वाक्य सरायच्या आत बरंही वाटायला लागलं.

मी फोटोवाल्यांना म्हटलं, निळ्या उजेडात पिवळ्या रंगाचा फोटो कसा काय निघतो? रंगाच्या दुकानातली खोड, दुसरं काय! ते म्हणाले, "बाई, हा रंग निळ्या उजेडात हिरवा पेटतो. त्यावरच आमचं पोट आहे."

घरी आले तर सासूबाईंनी दार उघडलं आणि "अगं बाई!" म्हणून तिथेच उभ्या. म्हणे मी हळदीच्या डब्यात पडून आल्यासारखी दिसतेय. बाथरूममध्ये गेले तर त्याही बघायला आल्या. नारिंगी, वहिनी! मला नीट दिसत नव्हतं, पण त्यांच्या ओरडण्यावरून कळलं. "लेक पिवळा, आई पिवळी," म्हणाल्या, "काय चाललंय या घरात!"

आल्या आल्या दूध काढलं, छाती दगडासारखी झाली होती. बाटली ओट्यावर ठेवली. उभं राहवत नव्हतं, म्हणून सासूबाईंना दोन वेळा बजावून सांगितलं, "आई, रंगाचं दूध ओतून टाका. साठवलेल्यातली एक बाटली वॉर्डात द्या." त्या म्हणाल्या, "कळतं हो मला, तू पड."

पडते आता. तो तिकडे, मी इकडे, आणि मध्ये चार दिवस. तू काहीच उत्तर पाठवलं नाहीस. नको पाठवू.

धाकटी


शुक्रवार

वहिनी,

आज दिसतंय. आज सगळं सरळ लिहिते, आणि तूही जरा बसून वाच.

काल झोपून उठले तेव्हा ऊन उतरलं होतं. स्वयंपाकघरात गेले, फ्रीजरमध्ये हात घातला. रिकामा. पुन्हा घातला. कोपऱ्यापर्यंत चाचपून पाहिलं. बर्फ, आणि एक वाटाण्याची पिशवी.

"आई, बाटल्या कुठेयत?"

"ओतल्या की. तूच म्हणालीस ना, रंगाचं दूध ओता. सगळं पिवळंजर्द होतं बघ ते. चांगलं पांढरं होतं ते वॉर्डात देऊन आले."

वहिनी, तुला माहीत असेल, पहिल्या दिवसांचं दूध पिवळं आणि दाट असतं, फ्रीजरमध्ये राहून आणखी पिवळं दिसतं. ते चांगलं होतं! आणि शिरेत रंग सोडल्यावर मी काढलेलं दिसायला पांढरं शुभ्र. सासूबाईंनी माझा चेहरा पाहिला, माझी लघवी पाहिली, आणि हिशोब केला की रंगाचं दूधही पिवळंच असणार. मी तिथे असते तर मीही तोच केला असता. आयुष्य शेड ओळखण्यात गेलं माझं, पण दुधाचं मला कुठे ठाऊक होतं!

त्या घाबरून रडायलाच लागल्या. "तू म्हणालीस रंगाचं, तू म्हणालीस रंगाचं," एवढंच. मला त्यांच्यावर ओरडायचं होतं आणि जवळही घ्यायचं होतं. दोन्ही नाही केलं. तुझ्या दिराला फोन लावला आणि रिक्षात बसले.

वॉर्डात पोचलो तर संध्याकाळची नर्स. ती म्हणाली, "दुपारी एक बाटली पाजलीय, एक फ्रीजमध्ये आहे." दोन? सासूबाईंनी तर एकच आणलेली. तुझा दीर म्हणाला, दुसरी कालची, फ्रीजरमधली उरलेली असेल. मग पाजली ती कोणती? कालची की आजची? नर्स म्हणे, "मधेच आमची पाळी बदलली, मी आले तेव्हा दोन्ही होत्या. वहीत 'घरचं दूध' एवढंच लिहिलंय." मी तुझ्या दिराला म्हटलं, नीट बघ, रिकामीच्या तळाला काय रंग आहे? त्याने उजेडाकडे धरून पाहिलं. "पांढरा," म्हणाला. "दोन्हींत पांढराच." म्हणजे कालची नाहीच. कालची असती तर पिवळी असती. म्हणजे दोन्ही आजच्या? सासूबाई फोनवर शपथा घेतायत की त्यांनी एकच दिली. माझ्या डोक्याचा पार भुगा झाला.

डॉक्टरीणबाई घरी गेलेल्या, तरुण डॉक्टर होता. त्याने पहिल्यांदा निळा दिवा बंद केला. बाळाचं अंग बोटभर बोटभर तपासलं. कुठे लाल नाही, फोड नाही. म्हणाला, "रंग पोटात गेलाय की नाही ते कळेपर्यंत दिवा लावणार नाही. पण फार वेळ बंदही ठेवता येणार नाही. कावीळ आज वाढलीय." आणि दुधाचं काय? पुढचं पाजायची वेळ होत आलेली, तो ओठ हलवायला लागलेला. डब्यातलं द्यावं तर पोट फुगतं. माझ्या छातीतून दूध गळत होतं, झगा भिजला होता, आणि त्यातला थेंब त्याला चालणार नव्हता. कधी नव्हे ते इतकं असहाय वाटलं, वहिनी. डोळ्यासाठी मी हे करून बसले असं वाटलं. आग लागो त्या डोळ्याला, असंही म्हणाले, मोठ्याने.

तेवढ्यात फोटोवाल्यांचं आठवलं. हिरवा पेटतो!

दोन्ही बाटल्या पिशवीत घालून आम्ही डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. ते कुलूप लावत होते. सगळं ऐकून त्यांनी परत उघडलं. आधी भरलेल्या बाटलीवर निळा उजेड टाकला. मला धूसरच दिसत होतं, पण तेवढं दिसलं. दुधाला फिकट हिरवी झाक. साध्या पाण्याचा पेला शेजारी ठेवला, त्याला काही नाही. तुझा दीर "आईशप्पथ" म्हणाला. मग रिकामी बाटली. तळाशी थेंब राहिले होते, त्यावर उजेड. काही नाही. पांढरं ते पांढरंच.

"म्हणजे बाळाने प्यायलेल्यात रंग नव्हता?"

ते मान हलवत राहिले. "बाई, चमकलं तर रंग आहे, हे नक्की. नाही चमकलं तर अजिबात नाही, हे मी छातीठोक सांगणार नाही. थेंब कितीसे आहेत! ही काही दुधाची तपासणी नाही. मी फोटो काढणारा माणूस. तुमच्या डॉक्टरांना एवढंच सांगा की मला दिसलं नाही."

परत गोंधळ. आहे म्हणावं की नाही? दिवा लावायचा की नाही? मी ती रिकामी बाटली दोन्ही हातांनी धरून बसले होते, आणि अंगठ्याला काहीतरी लागलं. बाटलीच्या मानेशी. रबर. दवाखान्यात कशालाही रबर असतो, कोण लक्ष देतंय? मला तर दिसतही नव्हतं. पण बोटाने चाचपला तर दोन पीळ.

मी तुझ्या दिराला म्हटलं, "भाऊजींना फोन लाव. आत्ता."

त्याने बंद दिव्यासकट सगळं सांगितलं. भाऊजी नेहमीसारखे, "मला काही कल्पना नाही, थांब, विचारतो." आणि मग मागून तुझा आवाज. चार महिन्यांनी. "हो म्हणावं, माझंच आहे! सकाळी दिलं. त्या लेकराचा दिवा लावा म्हणावं आधी!" आणि फोन बंद.

तिथे अंधाऱ्या खोलीत मी इतकी रडले की फोटोवाल्यांनी घाबरून दिवाच लावला.

दिवा लागला, वहिनी. दोन्ही दिवे, तिथला आणि बाळाचा. तरुण डॉक्टरने भाऊजींना स्वतः फोन करून तुझ्याशी बोलून खात्री केली. थोड्या वेळाने भाऊजी स्कूटरवरून आले, पिशवीत बाटल्या, प्रत्येकीला रबर. मला म्हणाले, "तिने सांगितलंय, काही बोलायचं नाही." म्हणून आम्ही काही बोललो नाही. तो पिऊन झोपला.

आज सकाळी सकाळची नर्स भेटली. मला म्हणते, "तुमच्या मोठ्या जाऊबाई किती छान आहेत हो! काल स्वतः आल्या होत्या, सगळे रिपोर्ट घेऊन. डॉक्टरीणबाईंनी तपासून घेतले. म्हणाल्या, धाकटीनेच सांगितलंय मला." मी हो म्हटलं. हो, मीच सांगितलं. त्या न लिहिलेल्या ओळीत. आणि नर्स पुढे सांगते की तू काचेपाशी उभी राहून बराच वेळ त्याला बघत होतीस, आणि म्हणालीस, "नाक बापावर गेलंय, बिचारा."

मला धडपणे कळत नाहीये की मी तुझ्यावर चिडू की तुझे पाय धरू. खोटं बोललीस तू त्यांच्याशी. माझ्या मागे येऊन गेलीस. मला एक शब्द नाही. सासूबाईंनी काल ती पांढरी बाटली दिली तेव्हा तुझी नेमकी तिच्या पुढे नसती, तर काय झालं असतं ते मनात आणवत नाही. आणि तरी सकाळपासून मनात एकच भुंगा, की हिने मला विचारलं का नाही?

धाकटी


मंगळवार

वहिनी,

रोज बाटल्या येतात. चिठ्ठी येत नाही. सासूबाई आता प्रत्येक बाटलीचा रबर दोनदा ओढून बघतात आणि म्हणतात, "मोठी घरात असती तर हे झालंच नसतं." हे त्या चार महिने म्हणत नव्हत्या, बरं का. तू गेलीस तेव्हा म्हणाल्या होत्या, सुटलो रबरांतून.

डोळ्याचं सांगते. फोटोत गळकी जागा सापडली. काल लेझर झालं. पाणी उतरेल म्हणतात, पण डाग किती जाईल आणि किती राहील ते आजच सांगता येत नाही. चौकट अजून पोट काढून आहे, थोडं कमी. दुकानात मालकांनी सांगितलंय, घाई करू नकोस. तोवर मी डावा डोळा वटारून लोकांच्या भिंती रंगवीन.

बाळाची कावीळ उतरली. काल संध्याकाळी दिवा कायमचा काढला, पट्टी काढली. त्याने डोळे उघडून माझ्याकडे बघितलं आणि जांभई दिली. एवढं सगळं करून माझी किंमत एक जांभई!

डॉक्टरीणबाईंनी सांगितलेले दिवस भरले. आज सकाळी त्या म्हणाल्या, "आता पाजा." फोटोवाल्यांकडे नेऊन आधी तपासून आणू का, असं विचारलं मी. त्या म्हणाल्या, "पुरे आता." मग घेतला जवळ. त्याने थोडं शोधलं आणि लागला. शेजारी सासूबाईच दोघींच्या वाटचं रडत होत्या.

उद्या घरी येतोय तो. तुझे सगळे रबर मी मनगटात घालून ठेवलेत. परत पाठवणार नाही. न्यायचे असतील तर ढब्बूला काखोटीला मारून ये. त्याच्या तोंडात काहीही घालणार नाही मी. तू सांगशील तेच, तू सांगशील तेवढंच.

आणि हो. मला न विचारता माझ्या लेकराच्या तोंडात दूध घातलंस.

बरं केलंस.

तुझी
धाकटी